पालेभाजी सोडणाऱ्या शालनला

शालन, तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. येणारं प्रत्येक माणूस ओट्यावर टेकतं, तांब्याभर पाणी पितं आणि मला सांगतं, "लई चांगली बाई होती हो." मी मान हलवते. मनात म्हणते, तुम्हाला काय माहीत! चांगली बाई डॉक्टरच्या टेबलाखालून मोठ्या जावेला चिमटा काढून गप्प बसवत नाही. आणि बसवलंच, तर तिला त्या गप्पपणासकट मागे टाकून स्वतः निघून जात नाही.

दहाव्याला तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी हुश्श केलं. गुरुजी म्हणाले, "बाईंची काही इच्छा राहिली नव्हती." मला तिथं घाटावरच ओरडावंसं वाटलं, अहो, तिची नसेल राहिली, माझी राहिलीय! मला हिला चांगलं फैलावर घ्यायचंय. हाकला तो कावळा.

घाटावर तोंड दाबून बसले, म्हणून आता लिहितेय. तुझे गोडवे गाणार नाही. ते बाकीच्यांनी गाऊन झालेत.

तुला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्याला आपल्या घरची रीत कळली पाहिजे. आषाढी एकादशीला आत्याबाई, म्हणजे आपली सासू, आपल्या दोघींना देवापुढं उभं करायची. कार्तिकीपर्यंत चार महिने खाण्यातलं काय सोडणार ते बोलायचं. चातुर्मासाचा नेम. तो घरोघरी असतो, पण आत्याबाईंनी त्याला स्वतःचा एक कायदा जोडला होता. नेम देवाला सांगायचा आणि एका माणसाला, साक्षीदार म्हणून. तिसऱ्या कानावर गेला की सगळं फळ गेलं. तू माझी साक्षीदार, मी तुझी. आत्याबाई जाऊन जमाना झाला, मागोमाग आपले दोघींचे नवरेही गेले, पण हा कायदा काही आपण मोडला नाही. दोन म्हाताऱ्या दरवर्षी देवघराचं दार लोटून कुजबुजायच्या आणि माझी नात बाहेरून विचारायची, "आजी, तुम्ही दोघी कुणाला पळवून आणायचा बेत करताय?"

माझे नेम कसले होते ते तुला पक्कं माहीत. तू नवी नवरी म्हणून आलीस त्या वर्षी मी कारलं सोडलं. बावीस वर्षांची होते, स्वतःला फार हुशार समजायचे. चार महिने असा चेहरा करून हिंडले की शेजारणी आत्याबाईंना म्हणाल्या, थोरली फार सोसते हो. तूच तेवढी भोळेपणानं बोललीस, "पन अक्का, तुमी कारलं खाताच कवा?" दुसऱ्या वर्षी मी नवऱ्याशी भांडण सोडलं. एकादशी मावळायच्या आत भगरीच्या मिठावरून तो नेम आटोपला. तिसऱ्या वर्षी मला फारच जोर आला आणि मी गूळ सोडला. श्रावणात तू मला कोठीच्या खोलीत पकडलंस. ढेप फोडलेली, तोंड भरलेलं, हनुवटीवर ओघळ. तू दार ओढून घेतलंस आणि बाहेर आत्याबाईंना सांगितलंस, "अक्का मुंग्या झाडत्यात." अशी मूर्ख होते मी. मला वाटायचं, देवाला कोठीच्या खोलीत अंधारातलं दिसत नसणार!

चाळीस वर्षांहून जास्त काळ झाला, तू ते कुणाजवळ बोलली नाहीस. भांडण झालं, वाटण्या झाल्या, मधे भिंत उठली, दोन महिने आपण तोंडं फिरवून दळण नेलं, तेव्हासुद्धा नाही. ते ओझं माझ्यावर होतंच. म्हणून तर तुझा चिमटा मला कळला.

चैत्रात तुझं पोट दुखलं त्या दिवशीचं माझं शहाणपण आधी सांगते, म्हणजे लोकांना कळेल की सत्तरी गाठली तरी बावीस वर्षांची ती बया माझ्यातून गेलेली नाही. कुरडयांचा चीक शिजत होता. तू ढवळता ढवळता खाली बसलीस. "अक्का, पोटात कुनीतरी पीळ घालतंय." मी लगेच निदान केलं, बेंबी सरकली. तुला चटईवर आडवं केलं, बेंबीवर कणकेचा दिवा ठेवला, पेटवला आणि वर पेला पालथा घातला. पेला पोटाला घट्ट चिकटला. मी गावाला सांगत सुटले, बघा, धरलं बघा! तू घामानं भिजलेली, ओठ पांढरे, आणि त्यातही म्हणालीस, "आता ह्यो गलास घिऊनच जायचं का वर?"

राजूनं, तुझ्या लेकानं, तुला गाडीत घातलं म्हणून वाचलीस. संगमनेरात नुसत्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही. दुखणं इंजेक्शनालाही दबेना, म्हणून तिथून नगरला नेलं. तिथं शिरेत औषध सोडून मोठा स्कॅन काढला. ती तरुण डॉक्टरीणबाई कागदावर चित्र काढून समजवायला लागली. आतड्याला रक्त नेणारी मोठी धमनी. तिच्या भिंतीचा आतला थर फाटलाय. रक्त त्या फटीत शिरतंय, तिथं साकळतंय आणि रक्ताची खरी वाट दाबून टाकतंय. वाट बंद झाली तर आतडं मरेल. मी नुसतीच मान डोलावत होते. तू म्हणालीस, "म्हंजी घडीच्या पोळीचा पदर सुटतो अन् मधी वाफ भरती, तसं?" डॉक्टरीणबाई पेन ठेवून हसली. "अगदी तसंच आजी." खरं सांगते, मला हेवा वाटला. मरणाच्या दारात पडून हिला शाबासकी!

मला वाटलं आता कापणार. पण पोट कापायची वेळ आली नाही. काही दिवस तोंडानं काही द्यायचं नाही, आतड्याला विश्रांती. सलाईन, रक्तदाब खाली ठेवायचं औषध आणि रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं, म्हणजे फटीत नवी गाठ धरत नाही आणि वाट उघडी राहते. भिंत हळूहळू आपली आपण सावरते. घरी सोडताना सहा महिन्यांची गोळी दिली. तिच्याबरोबर दर काही दिवसांनी रक्त तपासायचं. रक्त गोठायला किती वेळ घेतं याचा एक आकडा येतो, तो दोन आणि तीनच्या मधे हवा. खाली गेला तर गाठ, फार वर गेला तर कुठूनही रक्तस्राव.

आणि मग तिनं ते सांगितलं. मी तिथं होते. तिनं आपल्या दोघींकडं बघून सांगितलं. "तुम्ही रोज पालेभाजी खाता ना? तेवढीच खात राहा. एकदम वाढवू नका आणि बंद तर मुळीच करू नका. पालेभाजी या गोळीच्या उलट काम करते. तुमचं रोजचं जेवण धरून मी डोस बसवलाय. खाण्यात काहीही बदलायचं असेल तर आधी मला फोन."

इतकं सोपं. यात न कळण्यासारखं काय होतं, शालन?

मी या सव्वीस दिवसांत हे सतरा वेळा विचारलंय, तुला आणि मलाही. आपल्याला पथ्य म्हणजे खायचं नाही, एवढंच ठाऊक. आंबट खाल्लं, तेलकट खाल्लं, वांगं खाल्लं, म्हणून बाधलं. भाजी न खाल्ल्यानं माणूस मरतं, हे आपल्या डोक्यात उतरलंच नाही. सोडणं म्हणजे चांगलंच, असं आत्याबाईंनी आपल्याला देवापुढं उभं करून शिकवलेलं.

तरी तो तुझा गुन्हा कमी आणि माझा जास्त. सांगते.

तीन महिने तू शहाण्यासारखं वागलीस. राजू दर रविवारी प्लास्टिकच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरायचा. कधी एक, कधी दीड, अर्धी गोळी ब्लेडनं तोडून. आकडा जागेवर होता. तू बांधावरून घोळ आणि तांदुळजा खुडून आणायचीस, भाकरीबरोबर रोज ताटभर, आणि मला चिडवायचीस, "तुमच्या नुस्त्या बटाट्यानं तुमची अक्कल तशीच ऱ्हायली." तुझं अंग पुन्हा भरलं होतं. त्या तीन महिन्यांत आपण जितकं हसलो तितकं वाटण्या झाल्यापासून हसलो नव्हतो. ते महिने मला मिळाले म्हणून त्या डॉक्टरीणबाईचे आणि त्या गोळीचे पाय धरावेसे वाटतात. मग लगेच तुझा राग येतो.

कारण एकादशी आली. देवघरात तू म्हणालीस, यंदाही वांगं. आणि मी, सत्तरीची बया, माझी जीभ हुळहुळली. म्हटलं, "वांग्यानं तुला खाज सुटते, ते सोडून काय दिवे लावतेस? यंदा देवानं जीव दिलाय परत. काहीतरी खरं सोड की."

तू निरांजनातली वात पुढं सारलीस. मग म्हणालीस, "मंग पालेभाजी सोडते."

मी हसले. "तू? चार दिवस टिकलीस तरी पुष्कळ."

झालं. तुला पैज लागली की संपलं. तुझ्या हट्टाचं भूत मीच उठवलं, कारल्याचा नेम करणारीनं. मला तेव्हा डॉक्टरीणबाईचं बोलणं आठवलं नाही. खरंच नाही आठवलं. हे मी देवापुढंही सांगेन. पण पुढचं?

दोन आठवड्यांनी आपण नगरला तपासणीला गेलो. राजू बाहेर गाडी लावत होता. आकडा तीनच्या थोडा वर आला होता. डॉक्टरीणबाईनं कपाळाला आठी घातली. "आजी, दुसरी कुठली गोळी घेतली? अंगदुखीची वगैरे? खाण्यात काही बदल?"

मला चटकन आठवलं. अगदी तिच्या आवाजात आठवलं, बंद तर मुळीच करू नका. मी तोंड उघडलं आणि तू टेबलाखालून माझ्या मनगटाला चिमटा काढलास. काय चिमटा होता! हिरवानिळा डाग पडला होता.

"न्हाई बाई," तू म्हणालीस. "काई बदल न्हाई."

आणि मी तोंड मिटलं.

मला तिथं आत्याबाई दिसल्या, तिसरा कान दिसला, कोठीचं दार ओढून घेणारी सतरा वर्षांची तू दिसलीस. मुंग्या झाडत्यात म्हणालीस ना तू माझ्यासाठी. मग मी तुझ्यासाठी एवढं नको करू? असला विचार केला मी. शरम वाटते सांगायला. तो गूळ होता, शालन. हे तुझं रक्त होतं.

डॉक्टरीणबाईनं डोस तसाच ठेवला आणि आठवड्यानं परत तपासायला सांगितलं. गाडीत बसताना मी तुला दबक्या आवाजात म्हटलं, "सांगून टाक तिला फोनवर." तू म्हणालीस, "कार्तिकीनंतर सांगू." पुढच्या आठवड्यात खुरपणी निघाली, तू म्हणालीस राजूचा दिवस मोडतो, पुढच्या वारी जाऊ. वर सोमवारचे उपवास सुरू केलेस. मी बडबडले, पण भिंतीच्या अलीकडूनच बडबडले. राजूला एक हाक मारली असती तर संपलं असतं. तुझ्या दंडावर निळा डाग दिसला. तू म्हणालीस गाईनं शिंग लावलं. दात घासताना रक्त येतं म्हणालीस, मी म्हटलं मिशरी बदल. काय बोलले मी? मिशरी बदल!

मग एका सकाळी तू धार काढायला बसलीस आणि डोकं धरून तिथंच कलंडलीस. नगरला पोचेपर्यंत तुझी वाचा गेली होती. मेंदूत रक्त वाहिलं होतं. गोळीवर उतारा म्हणून औषध दिलं, रक्त दिलं, पण फार पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी गेलीस. दोन महिन्यांनी ती गोळी बंदच होणार होती. पोटातली शीर भरून आली होती, पुढचा स्कॅन चांगला येईल असं डॉक्टरीणबाईंना वाटत होतं. तू त्या दुखण्यानं नाही गेलीस. तू आपल्या दोघींच्या अकलेनं गेलीस.

हे एवढं माझ्यापाशी राहिलं असतं तर मी ते घेऊन मेलेही असते. पण तुझा राजू.

दवाखान्यात त्याला कुणीतरी विचारलं, गोळ्या जास्त गेल्या होत्या का? विचारणारच ते, त्यांचं कामच आहे. पण त्या पोराच्या डोक्यात ते रुतलं. तिसऱ्या दिवशी सावडून आल्यापासून तो ती डबी घेऊन बसायचा. सोमवारी दीड की एक? गुरुवारी दीड की एक? ब्लेडनं तोडलेला तुकडा नखावर धरून बघायचा. मला म्हणायचा, "मोठी आई, दोन आठवडे मी समदीकडं दीडच टाकली असंल. म्याच मारलं आईला." तुझी सून मनीषा सांगायची, ताट जसंच्या तसं माघारी येतंय. पट्टा आणखी एक भोक आत गेलाय त्याचा.

आणि मी त्याला सांगायचे, नाही रे राजा, तुझी चूक नाही. तो विचारायचा, "मंग कुनाची?" मी म्हणायचे, नशिबाची. तुझ्यासाठी मी माझ्या तोंडानं नशीब म्हटलं, शालन. जन्मभर ज्या शब्दावर मी थुंकले.

दहा दिवस मी तुझा नेम पाळला. कार्तिकीपर्यंत तिसऱ्या कानावर जाऊ द्यायचा नाही म्हणून पाळला. तू मेल्यावरही! कसलं फळ मिळायचं होतं गं आता? कुणाला?

अकराव्या दिवशी उरलेल्या पाकिटांची आणि चिठ्ठ्यांची पिशवी घेतली आणि एकटी एसटीत बसून नगरला गेले. डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. नेम, पैज, चिमटा, सगळं. तिनं आधी फाईल उघडली, पाकिटं उलटी करून एक एक गोळी जुळवली. म्हणाली, "डबी भरण्यात चूक झालेली दिसत नाही. जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच उरल्यात." मग फाईल मिटली. "पालेभाजी एकदम सोडली, वर उपवास, म्हणून आकडा एवढा चढला असणार. त्यानंच झालं असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही. पण मला त्या दिवशी कळलं असतं तर मी डोस उतरवला असता, आजी."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाण्याचा पेला पुढं केला आणि बाहेरच्या पुढच्या माणसाला बोलवायच्या आधी मला डोळे पुसायला वेळ दिला.

घरी आले ती तशीच गोठ्यात गेले. दुपार कलली होती. राजू कुट्टी करत होता. मी म्हटलं, "मशीन बंद कर." त्यानं केलं. मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कुठंही स्वतःला झाकलं नाही. पैज मी लावली, हेही.

त्यानं मशीनच्या तोंडात अडकलेला कडबा ओढून काढला. मग म्हणाला, "डॉक्टरीणबाईनं इचारलं तवा तुमी थितं हुत्या?"

"व्हय."

"आईच्या शेजारी?"

"व्हय राजा."

"अन् मी भाईर गाडी लावत हुतो."

"व्हय."

"मला तरी सांगायचं हुतं, मोठी आई. म्या काय केलं असतं? आईला रागं भरलं असतं. दोन दिस रुसली असती. जिती असती."

 याचं उत्तर तुझ्यापाशी असेल तर तू सांग. त्यानं मशीन सुरू केलं, म्हणजे मी जावं.

म्हणून तुला हे कळवतेय. तुझा नेम मी मोडला, आणि तो मोडल्याचं मला रतीभर वाईट वाटत नाही. तो टेबलापाशी मोडला नाही याचं वाटतं. रागवायचं असेल तर रागव. मीही रागावलेलीच आहे. तू माझं ऐकलंस म्हणून रागावलेय, एरवी कधी ऐकलं नाहीस! तू धाकटी होतीस, तू आधी जायचं नव्हतं, यावर आपलं बोलणंही झालं होतं. मी गेल्यावर माझी कुठली लुगडी कुणाला, ते तू पाठ करून ठेवलं होतंस. आता ते कोण सांगेल?

राजू माझ्याशी बोलत नाही. ओट्यावरून जातो, मान वळवून. मी हाक मारत नाही. त्याचा हक्क आहे, वर्षभर नाही बोलला तरी. त्या दिवशी संध्याकाळी जेवणाची भांडी घासायला मनीषा नळावर आली, मी समोर उभी होते. तिला काही ठाऊक नव्हतं तेव्हा. हात राखेनं भरलेले, ती पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "मोठ्या आई, आज काय झालं कुनास ठाऊक. दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. अन् वर तिसरी मागितली."